छात्रसेनेचे ध्वजपथक आणि त्याचा गणवेश



वार्षिक स्मरणिकेसाठी काही इतिहासपर मजकूर लिहून द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने यंदाही आम्हांस केली. आपल्या ज्ञातीचे मूळ स्थान, कुळे, उपनावे व कुलदैवते यांसंबंधी या स्मरणिकांतून आजवर विपुल लिहिले गेले आहे, आणि ते आमच्याहून अधिकारी अशा व्यक्तींनी लिहिले आहे. आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक. ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर मत देण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे आयुष्य शाळेत मुलांच्या रांगा लावण्यात गेले. तेव्हा ज्या विषयात आमचे स्वतःचे हात मळले आहेत, त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले.

विषय सुचण्यास निमित्तही तसेच घडले. गतवर्षीच्या गुणगौरव समारंभात आपल्यातील एका कुटुंबाची कन्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या गणवेशात पारितोषिक घेण्यास आली होती. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. चहापानाच्या वेळी मात्र तिच्या मातोश्रींनी आम्हांस बाजूस घेऊन तक्रारीच्या सुरात म्हटले, "गुरुजी, हिला पंधरा ऑगस्टला निशाणाजवळ उभी केली होती आणि आदल्या दिवशी काढून टाकली. कारण काय, तर म्हणे गणवेश इतर मुलींसारखा नाही. अहो, आम्ही तर सर्वांत भारी कापड आणून, उत्तम शिंप्याकडून शिवून घेतला होता!" बाईंचे दुःख खरे होते. त्यांना त्या गर्दीत आम्ही जे उत्तर दिले ते आम्हांसच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचाच विस्तार होय.

निशाण आणि त्याचे रक्षक यांचा इतिहास फार जुना आहे. रणांगणावर धूळ उडाली, तोफांचा धूर दाटला आणि हुकूम ऐकू येईनासे झाले, म्हणजे शिपायाने मान वर करून एकच गोष्ट पाहावयाची, ती म्हणजे आपले निशाण कोठे आहे. ते उभे असेल तिकडे धाव घ्यावयाची. ते दिसेनासे झाले की फौजेने धीर सोडला म्हणून समजावे. म्हणूनच निशाण ज्याच्या हाती द्यावयाचे तो मनुष्य आणि त्याच्या आसपास उभे करावयाचे ते मनुष्य निवडून घेण्याची रीत सर्व देशांत पडली. आपल्याकडे पेशवाईत जरीपटक्याचा मान केवढा होता, हे वाचकांस सांगणे नलगे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी सैन्य पुण्याबाहेर पडत असता जरीपटक्याची काठी मोडली आणि तो अपशकुन मानून लोकांची मने खचली, असे ग्रँट डफ यांनी आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. त्या लढाईच्या निकालास अन्य कारणे पुष्कळ होती. काठी मोडल्याने राज्य गेले असे कोणी म्हणणार नाही. परंतु हे वाचल्यापासून आम्ही शाळेत ध्वजाची काठी आदल्या रात्री दोन्ही हातांनी वाकवून पाहिल्यावाचून कधी झोपलो नाही, हे येथे कबूल करतो.

इंग्रजांच्या पलटणींतही निशाणाची व्यवस्था मोठ्या काटेकोरपणाने ठरविलेली असे. १८१३ साली त्यांनी निशाणाच्या रक्षणाशी निगडित असा कलर सार्जंट नावाचा निराळा हुद्दाच निर्माण केला. पुढे बंदुका लांब पल्ल्याच्या झाल्या आणि उंच धरलेले रेशमी निशाण शत्रूस नेम धरण्याच्या सोयीचे होऊ लागले. दक्षिण आफ्रिकेत २८ जानेवारी १८८१ रोजी लेंग्ज नेक येथे बोअर लोकांशी जी लढाई झाली, तीत ब्रिटिश पलटणीने आपली निशाणे शेवटची रणांगणात नेली. तेव्हापासून निशाण लढाईतून संचलनात आले. धोका गेला, परंतु अदब राहिली. आणि ज्या गोष्टीची केवळ अदबच उरते तिचे नियम अधिकच बारीक होत जातात, हा आमचा अनुभव आहे.

भारत प्रजासत्ताक झाल्यावर जुन्या पलटणींची राजाच्या नावाची निशाणे २३ नोव्हेंबर १९५० रोजी देहरादूनच्या लष्करी अकादमीतील चेटवुड सभागृहात सन्मानपूर्वक ठेवण्यात आली. ती जाळली नाहीत, फेकली नाहीत, की कोणी त्यांची विटंबना केली नाही. ज्या निशाणांखाली आपल्याच लोकांनी रक्त सांडले, त्यांना या देशाने विधिपूर्वक निरोप दिला, ही गोष्ट आम्हांस फार शोभादायक वाटते. त्यानंतर राष्ट्रपतींची निशाणे देण्याची परंपरा सुरू झाली. २७ मे १९५१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी नौदलास आणि १ एप्रिल १९५४ रोजी वायुदलास असे निशाण प्रदान केले.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. महाविद्यालयीन तरुणांस लष्करी शिक्षण देण्याचा आपल्याकडील पहिला प्रयत्न पहिल्या महायुद्धाच्या काळातला. १९१७ साली विद्यापीठांच्या तुकड्या निघाल्या. १९२० च्या प्रादेशिक सेनेच्या कायद्यान्वये त्यांचे विद्यापीठ प्रशिक्षण पथकांत रूपांतर झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, त्यांना विद्यापीठ अधिकारी प्रशिक्षण पथक असे भारदस्त नाव मिळाले, परंतु नाव वाढले म्हणून काम वाढले असे झाले नाही. स्वातंत्र्य दृष्टिपथात येताच १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवरून राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा तयार झाला. त्यास १६ एप्रिल १९४८ रोजी संमती मिळाली आणि १५ जुलै १९४८ पासून छात्रसेना अस्तित्वात आली. तिचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे होते. हेच गृहस्थ पुढे १९७३ साली भारताचे भूसेनाध्यक्ष झाले. १९४९ साली मुलींचा विभाग निघाला. १९५० साली मुंबई व कलकत्ता येथे वायुशाखेचा आरंभ झाला आणि १९५२ साली नौशाखा जोडली गेली. प्रारंभी वीस हजार छात्रांची योजना होती. आज ती संख्या पंधरा लाखांच्या वर गेली आहे.

या कायद्यातील एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. छात्र हा स्वेच्छेने दाखल होतो आणि दाखल झाला तरी त्याच्यावर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येत नाही. तो गणवेश घालतो, कवायत करतो, रायफल हाती धरतो. पण तो शिपाई नव्हे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ साली महाविद्यालयांतून छात्रसेना सक्तीची करण्यात आली होती. परंतु १९६८ साली ती सक्ती उठली आणि पुन्हा ज्याची इच्छा असेल त्यानेच यावे, असे झाले. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम आहे.

छात्रसेनेच्या स्वतःच्या ध्वजाची कथाही सांगण्याजोगी आहे. १९५१ साली तिच्या तुकड्यांना जे निशाण प्रथम दिले गेले, ते भूसेनेच्या पलटणींच्या निशाणासारखेच होते. आकार तोच, रंग तोच. मध्यभागी बिल्ला व तुकडीचे नाव तेवढे निराळे. परंतु एव्हाना छात्रसेनेत वायुशाखा आली होती आणि लवकरच नौशाखाही आली. तेव्हा एकट्या भूसेनेच्या थाटाचे निशाण सर्वांनी का वाहावे, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न झाला. म्हणून १९५४ साली तीन रंगांचा ध्वज आला. त्यातील लाल पट्टा भूसेनेचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा वायुदलाचा. मध्यभागी सोनेरी मानचिन्ह व भोवती कमळांची माळ. थोरल्या भावाचे अंगरखे उतरवून धाकट्याने स्वतःच्या मापाचे शिवून घ्यावे, तसे हे झाले.

गणवेशाचा खाकी रंग मात्र पूर्वीपासूनचा. हा शब्द मूळ फारशी. खाक म्हणजे माती. १८४६ साली पेशावरकडे हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने गाइड्स नावाची पलटण उभारली व तिला मातीच्या रंगाचे कपडे दिले. तेथून हा रंग सर्व जगभर पसरला. आम्ही १९७१ ते १९७३ या काळात तालुक्याच्या शाळेत कनिष्ठ विभागाचे छात्र होतो. त्या वेळची खाकी जाड असे. पेज घालून इस्त्री केली की चड्डीची कड मांडीस घासत असे. कमरेचा सुती पट्टा ब्लँकोने रंगवावयाचा, त्याची पितळी कडी ब्रासोने घासावयाची आणि बुटाचे टोक थुंकी लावून फडक्याने इतके चकाकवायचे की त्यात आपला चेहरा दिसावा. बेरेट टोपी नवी मिळाली म्हणजे ती डोक्यावर पापडासारखी पसरत असे. ती पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावर बसवून, उजवीकडे ओढून तशीच वाळू द्यावी आणि बिल्ला बरोबर डाव्या डोळ्यावर यावा, ही विद्या आम्हांस एका जुन्या हवालदारसाहेबांनी शिकविली. त्यांनी शिकविलेले इंग्रजी वा हिंदी आम्ही विसरलो असू. टोपी कशी भिजवावी ते विसरलो नाही.

आता ध्वजपथक म्हणजे काय ते सांगतो. संचलनाच्या अग्रभागी वा मध्यभागी ध्वज घेऊन चालणारा एक ध्वजवाहक आणि त्याच्या दोन्ही बाजूंस रक्षक, ही त्याची साधी रचना. कवायतीच्या हिंदी भाषेत यास निशान टोली म्हणतात. ध्वजवाहकाच्या खांद्यावरून एक पट्टा येतो. त्याच्या टोकास चामडी वा धातूची वाटी असते, तीत काठीचे बूड बसते. ध्वज उभा धरला असता उजवा हात तोंडाच्या समोर यावा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीशी समांतर असावा, हा जुना दंडक. हे वाचण्यास सोपे आहे. पण वाटी चार बोटे खाली आली की हात गळ्याशी जातो, वर चढली की डोळ्यापुढे येतो, आणि वारा सुटला म्हणजे कापडाचा सगळा जोर त्या एका मनगटावर पडतो. म्हणून पट्टा प्रत्येक मुलाच्या मापाने कमीअधिक करावा लागतो. रक्षकांची उंची परस्परांस जुळती असावी लागते; अन्यथा ध्वज एकीकडे कलल्याचा भास होतो, मग तो कितीही सरळ धरलेला असो. शंभर मुलांच्या रांगेत एकाचा पट्टा ढिला असला तर तो कोणास दिसत नाही. तिघांच्या रांगेत एकाच्या पायमोज्याची घडी चुकली तरी मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

राष्ट्रध्वजाच्या बाबतीत तर नियम कायद्याने व संहितेने बांधलेले आहेत. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज अन्य ध्वजांसह संचलनात नेताना तो चालणाऱ्यांच्या उजव्या हातास असावा, अथवा इतर ध्वजांच्या रांगेपुढे मध्यभागी असावा. तो कोणत्याही व्यक्तीस वा वस्तूस मानवंदना देण्यासाठी झुकवावयाचा नाही. इतर ध्वज झुकतील, हा झुकणार नाही. छात्रसेनेचा ध्वज व राष्ट्रध्वज एकाच वेळी चालत असले म्हणजे मुलांची येथेच गफलत होते. एकास पाहून दुसऱ्याचाही हात खाली येऊ लागतो. ध्वजाच्या कापडाचेही माप ठरलेले आहे. लांबी व रुंदी यांचे प्रमाण तीनास दोन असते. भारतीय मानक संस्थेने काढलेले क्रमांक एकचे मानक हे राष्ट्रध्वजाचेच होय, ही गोष्ट आम्ही वर्गात नेहमी सांगत असू. त्या मानकाप्रमाणे खादीचे ध्वज आपल्या नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात. डिसेंबर २०२१ पासून यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या कापडासही परवानगी मिळाली आहे. त्याविषयी आमचे मत निराळे आहे. पण ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

आता त्या मातोश्रींच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांचा समज असा की गणवेशाचा नियम म्हणजे चांगले कपडे घालण्याचा नियम. तसे असते तर त्यांची कन्या प्रथम क्रमांकाने उभी राहिली असती. परंतु नियम चांगल्याचा नाही, सारख्याचा आहे. सरकारी खाकीची एक छटा असते. बाजारातील टेरिकॉट अधिक गुळगुळीत, अधिक टिकाऊ व महाग असेल, पण त्याची छटा निराळी, त्याची चमक निराळी. तिघींपैकी एकीच्याच अंगावर ते असले म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी ध्वजावरून सरकून तिच्या बाहीवर जाते. आम्ही तर याच्याही पुढे जाऊन म्हणतो की हा नियम गरिबाच्या मुलास वर ओढण्यासाठी जेवढा आहे, तेवढाच श्रीमंताच्या मुलास खाली आणण्यासाठी आहे. आपल्या ज्ञातीत आता ईश्वरकृपेने व कष्टाने पुष्कळ कुटुंबांची स्थिती सुधारली आहे. आमच्या लहानपणी आम्ही ज्या बाजूने या नियमाकडे पाहत होतो, त्याच्या उलट बाजूने आज आपली मुले पाहतात, म्हणून त्यांना तो जाचतो. यात त्यांचा दोष नाही. पण नियमाचाही नाही.

दागिन्यांचे तेच. आम्ही नोकरीत असताना आमच्या शाळेतील मुलींच्या तुकडीस ध्वजाजवळ उभे राहण्यापूर्वी बांगड्या, कानांतले व गळ्यातले उतरवावे लागे आणि केसांचा अंबाडा काळ्या जाळीत बांधावा लागे. एका मुलीची आजी थेट शाळेत आली. मोकळ्या हातांनी पोरीने घराबाहेर पडणे तिला अशुभ वाटत होते. आम्ही तिच्याशी वाद घातला नाही. तिला मैदानावर नेऊन खुर्ची दिली व तालीम पाहावयास सांगितले. म्हातारी तासभर बसली. जाताना नातीच्या बांगड्या स्वतःच्या पदरात बांधून घेऊन गेली आणि कार्यक्रम संपताच फाटकाशी उभी राहून तिने त्या परत तिच्या हातात भरल्या.

सारखेपणाचा अर्थ मात्र आंधळेपणा नव्हे. शीख छात्र बेरेटऐवजी पगडी बांधतात व तीवर बिल्ला लावतात, आणि त्याने पथकाच्या शोभेत उणेपणा आलेला कोणी पाहिला नाही. कोणता भेद शिस्तीच्या आड येतो आणि कोणता येत नाही, हे ठरवण्यास डोके लागते. केवळ फूटपट्टी पुरत नाही.

परदेशांतही स्वयंसेवी छात्रसंघटना हाच मार्ग चोखाळतात. अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ रोजी सिव्हिल एअर पेट्रोल नावाची नागरिकांची वैमानिक संघटना निघाली व पुढील वर्षी तिने मुलांसाठी छात्रविभाग काढला. तिच्या ध्वजपथकात दोन ध्वजवाहक व दोन बंदूकधारी रक्षक असे चौघे असतात. पथकांच्या स्पर्धा भरविताना त्यांनी कवायतीबरोबर गणवेशाच्या तपासणीसही गुण ठेवले होते. तेथेही मुले पगारी शिपाई नव्हेत. शाळा सुटल्यावर हौसेने येणारी आहेत.

येथे मघाचा स्वेच्छेचा मुद्दा पुन्हा घेतो. शिपायाचा बूट मळका असला तर त्यास शिक्षा देता येते आणि शिक्षा भोगून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभा राहतो, कारण त्यास दुसरी वाट नसते. स्वेच्छेने आलेल्या छात्रास शिक्षकाने देण्याजोगी खरी शिक्षा एकच, ती म्हणजे पथकातून काढणे. आणि त्यास करता येण्याजोगी तक्रारही एकच, ती म्हणजे पुन्हा न येणे. हे आम्हांस पुस्तकातून कळले नाही.

१९८८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत खालच्या वर्गांस शिकवीत होतो. छात्रसेनेचे अधिकारी दुसरे गुरुजी होते आणि कवायतीच्या कामी आम्ही त्यांना साहाय्य करीत असू. ध्वजपथकाची निवड त्यांनी विश्वासाने आमच्यावर सोपविली होती. त्या वर्षीचा ध्वजवाहक नववीतला, अंगाने उंच, मनगटाचा बळकट. त्याचे वडील आडतीवर हमाली करीत. महिनाभर त्याने रोज सकाळी काठी पेलली. वाऱ्यातही त्याचा हात तोंडासमोरून हलत नसे. सरकारी बूट आले ते आठ नंबरापर्यंतचे. त्याचा पाय नऊचा. तेव्हा तालमीत तो तपकिरी कॅनव्हासचे बूट घालून येई. ते स्वच्छ असत. नाडी नेहमी धुतलेली असे.

२५ जानेवारीच्या रंगीत तालमीस आम्ही मैदानाच्या टोकास उभे राहून पाहिले. दोन जोड काळे आणि मधला तपकिरी. आम्ही नियम सांगितला आणि त्यास काढले. त्याच्या जागी ज्या मुलास वडिलांनी बाजारातून काळे बूट आणून दिले होते, त्यास उभे केले. तो उंचीने चार बोटे कमी होता. गडबडीत पट्टा आखूड करावयाचा राहिला. सकाळी वारा होता. काठी कलली, सावरली, पुन्हा कलली. मुलाचा हात कधी हनुवटीपाशी, कधी कपाळापाशी. ध्वज जमिनीस लागला नाही एवढेच. प्रमुख पाहुण्यांच्या ते लक्षात आले नसावे. त्यांनी भाषणात पथकाची स्तुतीच केली. आमचे लक्ष शेवटच्या रांगेकडे होते. तपकिरी बुटांतला मुलगा सलामी देऊन उभा होता आणि सलामीत खोट काढण्याजोगे काही नव्हते.

पंधरा दिवसांनी तो पट्टा, टोपी, बिल्ला व अँकलेट वर्तमानपत्रात गुंडाळून परत करण्यास आला. कडी ब्रासोने घासलेली होती. "गुरुजी, मला सकाळी वेळ होत नाही," एवढेच बोलला. आम्ही थांब म्हटले नाही. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली, जी त्या दिवशी मैदानावर सुचावयास हवी होती. पथकाचे बूट सारखे असावेत, एवढीच आम्हांस त्या दिवशी गरज होती. ते कातडीचेच असले पाहिजेत असे काही अडले नव्हते. तिघांनाही कॅनव्हासचे बूट घालून उभे केले असते, तर सारखेपणाचा नियमही राहिला असता आणि ध्वजही त्याच्याच हाती राहिला असता. शाळेच्या भांडारात खेळाचे तपकिरी बूट चार जोड पडून होते. आम्ही नियम पाळला असे त्या दिवशी आम्हांस वाटले होते. वास्तविक आम्ही बाजारातले बूट पाळले.

तो मुलगा पुढे परगावी गेला व आमची त्याची भेट झाली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही मुख्याध्यापकांस विनंती करून एक लाकडी पेटी करवून घेतली. ध्वजपथकास जे जे लागेल ते शाळेचे, मुलाचे नव्हे, असे ठरविले. कापड एकाच ताग्यातून घेऊन लहान, मध्यम व मोठ्या मापाचे कपडे शिवून ठेवले. ध्वजवाहकाचा पट्टा असा करविला की त्यास सहा भोके असावीत. पांढरे सुती हातमोजे, पायमोजे, पट्टे, पितळी कड्या, सारे त्या पेटीत. ज्याची निवड होईल त्याने पेटीतून घ्यावे आणि कार्यक्रम संपताच धुऊन परत ठेवावे. घरून काही आणावयाचे नाही, मग घर कसेही असो. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याने मुलासाठी आणलेले रेशमी हातमोजे आम्ही नम्रपणे परत केले, तेव्हा ते गृहस्थ रागावले. पुढे त्यांनीच पेटीसाठी बुटांचे दोन जोड दिले.

मातोश्रींना आम्ही सुचविले की कन्येचा भारी गणवेश घरच्या समारंभासाठी ठेवावा आणि तुकडीतून मिळालेला जुना पेज घालून, कडक इस्त्री करून वापरावा. त्यांनी तसे केले. यंदाच्या २६ जानेवारीस ती ध्वजपथकात होती. ध्वज दुसऱ्या मुलीच्या हाती होता आणि ही उजवीकडची रक्षक होती. त्यावरूनही मातोश्री किंचित नाराज आहेत असे कळते. परंतु त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही त्या जुन्या शाळेत गेलो होतो. पेटी अजून आहे. बिजागरे बदलली आहेत. झाकणाच्या आतील बाजूस आम्ही चिकटविलेली यादी पिवळी पडली असली तरी वाचता येते. कपडे तीन मापांचे, पट्टा सहा भोकांचा, हातमोजे सहा जोड, बूट काळे नंबर पाच ते दहा. दहाच्या पुढे कोणी तरी नंतर अकरा लिहिले आहे आणि त्याखाली निळ्या शाईत, आमच्या ओळखीच्या नसलेल्या अक्षरात: केसांच्या जाळ्या, काळ्या, सहा.